पदार्थविज्ञानाचे शब्द आणि कामगाराचे हात



वसंतात लोकांनी एकत्र जमावे आणि चार विचारांच्या गोष्टी ऐकाव्यात, ही प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास सुरू केली. त्या झाडाची एक फांदी शिरगावापर्यंत पोचली आहे आणि तिच्या सावलीत आज माझ्यासारख्या युनियनच्या कार्यकर्त्याला आपण उभे केले आहे. मी बोनसवर, कंत्राटी पद्धतीवर किंवा किमान वेतनावर बोलेन, अशी पुष्कळांची अपेक्षा असणार. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘पदार्थविज्ञानाचे शब्द’ असे लिहून दिले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, असे ऐकतो.

माझे शाळेतील शिक्षण नववीला संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, पाळी सुटल्यावर आणि कर्जत लोकलच्या डब्यात झाले. तेव्हा मी शास्त्रज्ञ म्हणून येथे उभा नाही. माझे सांगणे एवढेच, की बल, ऊर्जा, वेग, पुंज हे शब्द प्रयोगशाळेत घडले असले तरी त्यांचा रोजचा व्यवहार अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील यंत्रांवर चालतो. ज्याला शब्दाचा नेमका अर्थ ठाऊक नाही, त्याला नेमका प्रश्न विचारता येत नाही. आणि नेमका प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही तर माणसाची बोटे जातात. हे मी अलंकारिक बोलत नाही. ते कसे, हे ओघाने येईलच.

प्रथम शब्दांच्या भांडणाविषयी थोडे. आपल्या मराठी पुस्तकात ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, आणि अणू एकत्र येऊन झालेला तो ‘रेणू’. उल्हासनगरातील हिंदी माध्यमाच्या मुलाला विचारा. तो पहिल्याला ‘परमाणु’ म्हणेल आणि दुसऱ्याला ‘अणु’. म्हणजे तोच शब्द दोन शाळांत दोन अर्थांनी शिकवला जातो, आणि पुढे ही दोन मुले एकाच कारखान्यात एकाच यंत्रावर येतात! मराठीतसुद्धा एकमत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला जो मराठी विश्वकोश सिद्ध झाला, त्यात ‘प्रेरणा’ हा शब्द ज्या अर्थी येतो त्याला शाळेच्या पुस्तकात ‘बल’ म्हणतात. तेथले ‘द्रव्यमान’ ते येथले ‘वस्तुमान’. यावर वाद घालीत बसण्यात मला स्वारस्य नाही. शब्द कोणताही घ्या, त्याच्या मागचे मोजमाप पक्के ठेवा म्हणजे झाले. रुपया म्हटले काय आणि रुपैया म्हटले काय, पैसे शंभरच.

आता कामगाराच्या जिव्हाळ्याचा शब्द घेऊ: ‘कार्य’. आपण ज्याला काम म्हणतो त्याहून शास्त्राचे कार्य फार अरुंद आहे. वस्तूवर बल लावले आणि त्या बलाच्या दिशेने ती सरकली, तरच कार्य झाले. बल गुणिले अंतर. पन्नास किलोची गोणी दीड मीटर उंच ट्रकवर चढवली तर सुमारे ७३५ ज्युल कार्य होते. तीच गोणी डोक्यावर घेऊन माथाडी अर्धा तास उभा राहिला, तर गोणीवर झालेले कार्य शून्य! हे ऐकून एखादा मुकादम खूश होईल. पण त्याने पुढचेही ऐकावे. उभ्या माणसाच्या स्नायूंतील तंतू भार पेलण्यासाठी सारखे आकसत आणि सैल होत असतात. त्यात भाकरीतून मिळालेली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होऊन घामावाटे निघून जाते. गोणीच्या हिशेबात शून्य असले तरी माणसाच्या हिशेबात खर्च पडलेला आहे.

हिशेब आणखी पुढे नेऊ. अशा शंभर गोण्या चढवल्या तर ७३,५०० ज्युल झाले. आपल्या विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्युल. शंभर गोण्या चढवून हाडे खिळखिळी झाली, आणि शास्त्रीय कार्य भरले एका युनिटाचा पन्नासावा भाग! यंत्रापुढे माणसाचे स्नायू का हरतात, हे या एका आकड्यात दिसते. आणि मजुरी ज्युलवर का मोजता येत नाही, हेही दिसते. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला तो ज्युल मोजण्यासाठी केला नाही. ज्याच्या पाठीवरून हे ज्युल जातात त्या माणसासाठी केला.

‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ यांचा घोटाळा तर घरोघरी आहे. ऊर्जा म्हणजे साठा, शक्ती म्हणजे तो साठा खर्च होण्याचा वेग. बिलावर युनिट येते ती ऊर्जा, आणि दिव्यावर वॅट लिहिलेले असतात ती शक्ती. हजार वॅटची शेगडी तासभर जळली की एक युनिट. हा भेद पॉवर प्रेसवर जिवावर बेततो. मोटर बंद केली की शक्तीचा पुरवठा थांबला. पण जड फ्लायव्हील फिरतच असते, आणि त्याच्यात साठलेली गतिज ऊर्जा एक दणका सहज देऊ शकते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. चाकाचा वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. “स्विच बंद केला होता हो,” असे म्हणणारा खरेच बोलत असतो. फक्त त्याने शक्ती बंद केलेली असते आणि ऊर्जा तशीच उभी असते.

येथवरचे शब्द न्यूटनच्या घराण्यातले. आता ज्या शब्दाचा फार बोलबाला आहे त्याकडे वळू: ‘क्वांटम’. मराठीने त्याला ‘पुंज’ म्हटले आणि त्याच्या शास्त्राला ‘पुंजयामिकी’. पुंज म्हणजे गठ्ठा, जुडी. हे शास्त्र कोठून निघाले ठाऊक आहे? तापलेल्या लोखंडातून.

लोहाराच्या भट्टीपुढे उभे राहा. लोखंड आधी काळसर तांबडे होते, मग लालबुंद, मग पिवळे आणि शेवटी पांढुरके. अनुभवी लोहार रंगावरून तापमान ओळखतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या पंडितांना मात्र हा रंग समजावून सांगता येईना. त्यांच्या गणिताप्रमाणे कोणत्याही तापलेल्या वस्तूतून जांभळ्याच्या पलीकडचे अदृश्य किरण अमर्याद बाहेर पडायला हवेत. तसे असते तर चुलीपुढे बसणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे डोळे पहिल्याच दिवशी गेले असते. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिन येथे माक्स प्लांक या प्राध्यापकांनी यातून वाट काढली. तापलेली वस्तू ऊर्जेची देवघेव धारेसारखी अखंड करीत नाही, ठरावीक जुड्यांनी करते, असे त्यांनी मांडले. जुडी केवढी, हे प्रकाशाच्या कंप्रतेवर, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांवर ठरते. तांबड्याची कंप्रता कमी म्हणून जुडी लहान. जांभळ्याची मोठी, तांबड्याच्या सुमारे पावणेदोनपट. त्याच्या पलीकडच्या जंबुपार किरणांची त्याहून मोठी.

खिशात पन्नास रुपये असलेला माणूस शंभर रुपयांच्या वस्तूपुढे उभा राहतो, पण घेऊ शकत नाही. दुकानदार वस्तू अर्धी कापून देत नाही. लालबुंद लोखंडाची स्थिती तशीच आहे. त्याच्या तापमानाला तांबड्या जुड्या परवडतात, जंबुपार परवडत नाहीत. गूढ उकलले ते एवढ्याने. प्लांकना स्वतःला ही केवळ गणिताची सोय वाटत होती. जुड्या खऱ्या आहेत, प्रकाश स्वतःच जुड्यांनी प्रवास करतो, असे म्हणण्याचे धाडस १९०५ साली स्वित्झर्लंडच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या एका सव्वीस वर्षांच्या तरुणाने केले. त्याचे नाव आइन्स्टाइन. त्याला १९२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते सापेक्षतेसाठी नव्हे, प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी.

हा परिणाम असा. धातूवर योग्य प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. गंमत अशी, की तांबडा प्रकाश कितीही प्रखर केला तरी बहुतेक धातूंतून एकही इलेक्ट्रॉन हलत नाही, आणि जंबुपार किरण अगदी मंद असले तरी लगेच हलतो. कारण एका इलेक्ट्रॉनला एकच पुंज भेटतो, आणि तो एक पुंज पुरेसा मोठा असावा लागतो. युनियनच्या माणसाला हे कबूल करणे जड जाते, पण येथे एकजुटीचा उपयोग नाही! हजार तांबडे पुंज मोर्चा घेऊन आले तरी इलेक्ट्रॉन जागचा उठत नाही.

याचे दाखले आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहेत. फोटोग्राफरच्या अंधारखोलीत तांबडा दिवा जळत असे. कागद त्याने खराब होत नसे, पण दार किलकिले होऊन दिवसाचा उजेड शिरला की संपलेच. तांबड्या पुंजाला त्या कागदावरच्या चांदीच्या क्षारात बदल घडवण्याइतके बळ नसते. दुसरा दाखला वेल्डरचा. दिवसभर घरातल्या दिव्याकडे पाहून डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होत नाही. वेल्डिंगच्या आर्ककडे उघड्या डोळ्यांनी थोडा वेळ पाहिले तर रात्री झोप येत नाही. आर्कमधून निघणाऱ्या जंबुपार किरणांचा एकेक पुंज तांबड्याच्या अडीच-तीनपट असतो आणि तो डोळ्याच्या पेशीतील रेणूंची मोडतोड करतो. म्हणून वेल्डरच्या मदतनिसालाही काच मिळालीच पाहिजे. “तो लांब उभा असतो” हे उत्तर चालणार नाही. लांब गेल्याने पुंजांची संख्या घटते, एकेका पुंजाचा आकार घटत नाही.

एकजुटीचा अगदीच अपमान नको म्हणून सांगतो. १९२४ साली ढाक्याच्या विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशपुंजांची मोजणी करण्याची नवी रीत काढली आणि आपला लेख आइन्स्टाइनकडे धाडला. आइन्स्टाइनने त्याचे जर्मन भाषांतर स्वतः करून तो छापवला. बोस यांच्या रीतीतून कळले, की प्रकाशपुंज एकाच अवस्थेत हवे तितके गर्दी करू शकतात. लेसरचा किरण म्हणजे अशी एका तालात चालणारी पुंजांची मिरवणूक. पोलादाचा पत्रा ती लोण्यासारखा कापते. इलेक्ट्रॉनांचा स्वभाव उलटा. एका अवस्थेत एकच, दुसऱ्याला शिरकाव नाही, हा नियम पाउलींनी १९२५ साली सांगितला. सगळे पदार्थ एकमेकांत कोसळून न जाता उभे आहेत ते या नियमाच्या जोरावर.

आता बोटांकडे येतो. पॉवर प्रेसपुढे हल्ली प्रकाशाचा पडदा बसवतात. कारखान्यात त्याला लाइट कर्टन किंवा नुसते सेन्सर म्हणतात. एका खांबातून डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण निघतात. समोरच्या खांबात अर्धसंवाहक सिलिकॉनचे तुकडे असतात. किरणाचा पुंज सिलिकॉनमधला एकेक इलेक्ट्रॉन मोकळा करतो आणि बारीकसा प्रवाह वाहतो. हात आडवा आला की पुंज अडतात, प्रवाह थांबतो आणि यंत्राला थांबण्याचा हुकूम जातो. आइन्स्टाइनचा १९०५ चा विचार असा आपल्या पोरांच्या बोटांची राखण करतो.

पण राखण करील की नाही, हे आणखी दोन गोष्टींवर ठरते. पहिली, वेग. हात साधारण सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे येतो असे धरतात. हुकूम मिळाल्यापासून प्रेस पूर्ण थांबायला समजा सेकंदाचा पाचवा भाग लागला, तर तेवढ्यात हात चाळीस सेंटिमीटर आत गेला. म्हणजे पडदा डायपासून निदान चाळीस सेंटिमीटर आणि वर थोडे जास्त अंतरावर हवा. माल पटापट उतरावा म्हणून तो वीस सेंटिमीटरवर आणला, तर तो पडदा नव्हे, शोभेची तोरणे आहेत. दुसरी गोष्ट क्लचची. फ्रिक्शन क्लचची प्रेस मध्येच थांबू शकते. छोट्या कारखान्यांत जुन्या चावीच्या क्लचच्या प्रेस असतात. त्यात चावी एकदा बसली की फेरा पुरा झाल्यावाचून रॅम थांबत नाही. अशा यंत्रावर प्रकाशाचा पडदा बसवणे म्हणजे सुटलेल्या बैलाला हात दाखवून थांब म्हणणे.

एका कारखान्यात नेमके हेच झाले. नाव घेत नाही. चावीच्या क्लचच्या प्रेसवर सेन्सर बसवला, वर ‘सुरक्षित’ अशी पाटी लावली. पाटीवर विश्वास ठेवून ऑपरेटरने चिमटा बाजूला ठेवला आणि हाताने जॉब काढू लागला. दोन बोटे गेली. चौकशीत सेन्सर अगदी ठीक चालत असल्याचे आढळले आणि कागदावर शब्द आला ‘योगायोग’. सेन्सरने आपले काम केले होते. पुंज अडले, प्रवाह थांबला, हुकूमही गेला. हुकूम ऐकणारा भाग त्या यंत्रात नव्हताच! यात योगायोग कोठे आला? धोक्याच्या भागांना कुंपण घालण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना कायद्याने मालकांवर घातले होते. पण कुंपण खरे की खोटे हे ओळखायला वेग, ऊर्जा आणि क्लच हे तीन शब्द यंत्रापुढच्या माणसाला ठाऊक असावे लागतात.

योगायोगावरून पुंजयामिकीतला सर्वांत बदनाम शब्द आठवतो: ‘अनिश्चितता’. हायझेनबर्ग यांनी १९२७ साली सांगितले, की कणाचे स्थान जितके नेमके ठरवावे तितका त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, अनिश्चित होतो. दोष मापन करणाऱ्याच्या हाताचा नसून तो निसर्गाचाच बांधा आहे. यावरून काही बुवा-महाराजांनी, आणि काही सुटाबुटातल्या वक्त्यांनीही, असा निष्कर्ष काढला की जगात काहीच निश्चित नाही, मनात आणाल तसे घडते. आणि त्यावर ‘क्वांटम’ गंडेदोरे विकायला काढले.

आकडे पाहा. अणूच्या आकाराच्या जागेत इलेक्ट्रॉन कोंडला तर त्याच्या वेगातील अनिश्चितता सेकंदाला पाचशे किलोमीटरांहून अधिक होते. तेथे हा नियमच राज्य करतो. आता एक किलोचा हातोडा घ्या. त्याचे स्थान मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत ठरवले, तर वेगातील अनिश्चितता इतकी क्षुल्लक, की विश्वाच्या आजवरच्या १३.८ अब्ज वर्षांत तिच्यामुळे हातोडा एका अणूच्या रुंदीइतकाही सरकणार नाही. प्रेसचा रॅम हातोड्याहून कितीतरी जड. त्याच्या अपघाताला हायझेनबर्ग साक्षीला येणार नाही.

आणि जेथे निसर्ग खरोखर सोडत काढतो, तेथेही हिशेब असतोच. वेल्डिंगचे सांधे तपासायला इरिडियम-१९२ हे किरणोत्सारी द्रव्य वापरतात. त्यातला कोणता अणू पुढच्या क्षणी फुटेल हे कोणालाही सांगता येत नाही. पण सुमारे ७४ दिवसांत निम्मे अणू फुटलेले असतील, हे छातीठोकपणे सांगता येते. याला संभाव्यता म्हणतात. संभाव्यता मोजता येते म्हणूनच तिच्यापुढे बंदोबस्त करता येतो. दैव मोजता येत नाही. म्हणून ज्याला बंदोबस्ताचा खर्च नको असतो, त्याला दैव फार सोयीचे पडते.

हे शास्त्र आपल्यापासून दूर आहे असे कोणी समजू नये. वाण्याच्या तराजूतला किलो पाहा. १८८९ पासून किलो म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. २० मे २०१९ पासून तो ठोकळा निवृत्त झाला आणि किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून करण्यात आली. भट्टीच्या रंगातून निघालेला आकडा आज जगाच्या वजनकाट्याचा आधार आहे. २०२३ साली भारत सरकारने सहा हजार कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्यातील संवेदन आणि मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. पवई येथून काही परदेश नव्हे. अशा ठिकाणी निर्वात पंप, अतिशीत टाक्या आणि केसाच्या अंशाइतके अचूक सुटे भाग लागतात, आणि ते घडवायला फिटर, टर्नर, वेल्डर लागतात. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, तेव्हा डॉक्टर भाभांच्या मागे असे कुशल हात उभे होते. आपली मुले तेथे केवळ झाडू मारायला आणि फाटकावर उभी राहायला जाणार, की यंत्राला हात लावायला, हे बऱ्याच अंशी आज ती कोणते शब्द शिकतात त्यावर ठरेल.

म्हणून दोन विनंत्या करून संपवतो. आपल्या वाचनालयाने आठवड्याला एक शास्त्रीय शब्द फळ्यावर लिहावा. मराठी आणि हिंदी दोन्ही नावे, खाली मोजमाप आणि आपल्या भागातला एक दाखला. दुसरी विनंती कामगार बंधूंना आणि भगिनींना. उद्या पाळीवर गेल्यावर आपल्या यंत्राविषयी तीन प्रश्न विचारा: क्लच कोणता आहे, थांबायला किती वेळ लागतो, आणि पडदा डायपासून किती अंतरावर आहे. उत्तर आकड्यात मागा. “काळजी करू नका” हा आकडा नव्हे, आणि उत्तर मिळेपर्यंत चिमटा हातातून सोडू नका.